बेसच्या जुन्या बॉक्सचा हिशेब

आपल्या अंकाच्या मराठी विभागात निदान एक तरी शास्त्रीय लेख असावा असा संपादकांचा दरवर्षी आग्रह असतो, आणि तो पुरवण्याचे काम बहुधा भौतिकशास्त्र विभागाकडे येते. या वेळी मी कोणा थोर शास्त्रज्ञाचे चरित्र न लिहिता एका लाकडी बॉक्सविषयी लिहिणार आहे. स्नेहसंमेलनात रंगमंचाच्या कोपऱ्यात काळ्या रेक्झिनने मढवलेला एक उंच बॉक्स उभा असतो. बेस गिटारचा आणि ऑक्टोपॅडचा घुमारा त्यातून येतो. संमेलनाच्या आदल्या दिवशी सांस्कृतिक मंडळाचे विद्यार्थी माझ्याकडे येतात आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, "सर, या बॉक्सला किती वॅटचा अँप्लिफायर लावायचा?"

या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. हे मी वर्गात शिकलो नाही. ते शिकण्यासाठी माझ्या मामांचा एक हंगाम बुडावा लागला.

मामांचा बॉक्स

मी मूळचा आदिलाबादकडचा. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनथ या बाजूच्या गावांत आजही घरोघरी मराठी बोलली जाते. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी मुलूख एकत्र नांदत होता. १९५६ साली त्याचे तीन राज्यांत वाटप झाले. आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, २०१४ पासून तो तेलंगणात आहे, आणि २०१६ साली त्या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. ज्या अंकात मराठी विभागाच्या पाठीला पाठ लावून कानडी विभाग छापला जातो, त्याच्या वाचकांना ही सरमिसळ नवी वाटणार नाही. मामांच्या ऑर्केस्ट्रातही ती होतीच. गायक मराठी, ढोलकवाला तेलुगू, आणि पैशाचा हिशेब सगळा दखनीत.

मामा स्वतः बेस गिटार वाजवीत. नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्यांनी बेसचा एक जुना बॉक्स विकत घेतला होता. अठरा मिलिमीटर प्लायवूडचा, चारही बाजूंनी बंद, आत पंधरा इंची दोन स्पीकर. स्पीकरवरची अक्षरे पुसट झाली होती, पण '१६ ओहम, ५० वॅट' एवढे वाचता येत होते. हे दोन्ही स्पीकर समांतर जोडलेले, म्हणजे बॉक्स एकूण आठ ओहमचा आणि शंभर वॅटचा. त्यावर त्यांनी कित्येक वर्षे शेकडो कार्यक्रम केले आणि काही बिघडले नाही.

पुढे त्यातला एक स्पीकर वयोमानाने गेला. मी त्या वेळी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होतो. भाचा भौतिकशास्त्र शिकतो, तेव्हा नवा स्पीकर त्यानेच निवडावा, असे मामांनी ठरवले. सोळा ओहमचा स्पीकर बाजारात मिळेना. मी आठ ओहमचा, ठळक अक्षरांत '३०० वॅट' छापलेला स्पीकर आणला. पन्नासाच्या जागी तीनशे! आता हा बॉक्स जन्मात जळणार नाही, असे मी मामांना छातीठोकपणे सांगितले. त्याच सुमारास पार्टीत ऑक्टोपॅड आला होता, आणि त्याचा आवाजही याच बॉक्समधून काढायचा असे ठरले.

गणेशोत्सवातल्या सातव्या रात्री पैनगंगेकाठच्या एका गावात कार्यक्रम होता. गावातला विजेचा दाब संध्याकाळपासूनच खाली गेला होता. तिसऱ्या गाण्याला ऑक्टोपॅडच्या ठोक्याबरोबर बॉक्समधून 'टक टक' असा लाकडावर हातोडी मारल्यासारखा आवाज येऊ लागला. पोरे नाचत होती, म्हणून मी आवाज कमी केला नाही. उलट बेसचे बटन आणखी थोडे फिरवले. दहा मिनिटांत घरघर सुरू झाली, मग जळका वास आला, आणि पाठोपाठ अँप्लिफायरही गप्प झाला. उरलेला कार्यक्रम नुसत्या ढोलकवर उरकावा लागला. पुढच्या तीन कार्यक्रमांच्या सुपाऱ्या परत गेल्या. पाच वादकांचे त्या हंगामाचे पैसे बुडाले. मामा मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "काहून रे, तीनशे लिवलं होतं ना त्याच्यावर?"

मेलेल्या स्पीकरची तपासणी

तो स्पीकर मी आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सरांकडे घेऊन गेलो. वॅट कमी पडले असणार, आता पाचशेचा आणतो, असे मी म्हणालो. सरांनी उत्तर दिले नाही. ब्लेडने शंकूची कड कापली, कॉइल बाहेर काढली आणि टेबलावर ठेवून विचारले, "हा कशाने मेला ते आधी सांग."

वाचकांपैकी ज्यांचा विषय शास्त्र नाही त्यांच्यासाठी येथे स्पीकरची रचना थोडक्यात सांगतो. १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी ज्या धर्तीचा स्पीकर लोकांपुढे मांडला, तीच रचना आजही चालते. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेची कॉइल टांगलेली असते. तिला कागदी शंकू चिकटवलेला असतो. कॉइलमधून अँप्लिफायरची धारा गेली की ती चुंबकक्षेत्रात पुढे-मागे सरकते, तिच्याबरोबर शंकू सरकतो आणि हवा ढकलली जाते. असा स्पीकर दोन प्रकारे मरतो. एक तर कॉइल उष्णतेने जळते; नाही तर शंकू झेपेल त्यापेक्षा जास्त हालून कॉइल मागच्या लोखंडावर आपटते आणि वाकते.

नुसत्या उष्णतेने मेलेल्या स्पीकरची कॉइल सगळीकडून सारखी काळी पडते. टेबलावरच्या कॉइलचे खालचे तोंड चेपले होते, आणि ती एकाच बाजूने घासून काळी झाली होती. म्हणजे ती आधी आपटली, मग वाकली, वाकल्यावर फटीत घासली, तारेवरचे आवरण निघून वेढे एकमेकांना चिकटले, आणि त्या शॉर्टने अँप्लिफायरचे ट्रान्झिस्टर नेले. मी ज्याला 'जळाला' म्हणत होतो तो मुळात आपटून मेला होता. पाचशे वॅटचा आणला असता तरी तो तसाच आपटला असता. आमच्या चुका चार होत्या. त्या एकेक पाहू.

पहिली बाब : ओहम

दुकानदार ज्याला नुसते 'ओहम' म्हणतो तो स्पीकरचा संरोध. मल्टिमीटरने मोजल्यास आठ ओहमचा स्पीकर साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवतो, सोळाचा सुमारे बारा. कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. हा फरक पाहून स्पीकर खराब आहे असे समजू नये.

ट्रान्झिस्टर अँप्लिफायर स्पीकरला विशिष्ट विभव पुरवतो. ते विभव आणि रोध यांवरून शक्ती ठरते :

शक्ती = (विभव × विभव) ÷ रोध

समांतर जोडणीत दोन्ही स्पीकरवर विभव सारखेच असते. म्हणून ज्याचा रोध निम्मा, तो दुप्पट शक्ती ओढतो. आमच्या बॉक्समध्ये सोळा ओहमचा जुना आणि आठ ओहमचा नवा असे विजोड जोडपे होते. मामांचा अँप्लिफायर चार ओहमवर दीडशे वॅटचा. म्हणजे त्याच्या विभवाचा वर्ग ६००. नव्या स्पीकरला ६०० ÷ ८ = ७५ वॅट, जुन्याला ६०० ÷ १६ = ३७.५ वॅट. दोघांना मिळून बॉक्सचा संरोध ५.३३ ओहम. अँप्लिफायरला ते चालणारे होते, पण दोन बैलांपैकी एकाच्याच मानेवर जू यावे तसे झाले. यावरून पहिला नियम असा, की एका बॉक्समध्ये स्पीकर नेहमी एकाच जातीचे आणि एकाच ओहमचे असावेत. एक गेला तर जोडी बदलावी.

जुने व्हॉल्व्हचे अँप्लिफायर वापरणाऱ्यांनी आणखी एक जपावे. त्यांच्या मागे चार, आठ, सोळा ओहमच्या वेगवेगळ्या खुंट्या असतात, त्यांपैकी बॉक्सशी जुळणारीच वापरावी आणि स्पीकर न जोडता अँप्लिफायर कधीही चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. सभेच्या कर्ण्यांसाठी असलेल्या अँप्लिफायरवर '१०० व्होल्ट' अशीही एक खुंटी असते. ती ट्रान्सफॉर्मर लावलेल्या कर्ण्यांसाठी आहे. आठ ओहमचा बॉक्स तिला जोडला तर वरच्या सूत्राप्रमाणे तो १२५० वॅट मागू लागेल.

दुसरी बाब : उष्णता आणि छापील वॅट

चांगला पंधरा इंची स्पीकरही मिळालेल्या शक्तीपैकी सुमारे तीन टक्केच ध्वनीत बदलतो. दोनशे वॅट दिले तर १९४ वॅट कॉइलमध्ये उष्णता होऊन राहतात. शिवाय तांबे तापले की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल १८० अंशांनी तापली तर तिचा रोध १.७ पट होतो, ती तेवढी कमी शक्ती ओढते आणि आवाज दोन डेसिबेलहून अधिक उतरतो. मध्यरात्रीनंतर बेस 'बसला' असे वाटून वादक बटन आणखी वाढवतात. कॉइल त्या वेळी आधीच भाजत असते. आदिलाबादच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, लग्नाच्या मांडवात तर हे फार लवकर घडते.

'३०० वॅट' या आकड्याचे रहस्यही सरांनी उलगडले. स्पीकरच्या शक्तीचे तीन आकडे प्रचारात आहेत : अखंड सोसण्याची शक्ती, तिच्या दुप्पट धरलेली कार्यक्रमाची शक्ती, आणि चौपट धरलेली क्षणिक शिखराची शक्ती. माझ्या स्पीकरवर छापलेला आकडा शिखराचा होता. अखंड शक्ती त्याच्या चतुर्थांश, म्हणजे ७५ वॅट. अँप्लिफायर स्वच्छ चालला असता तर त्याला बरोबर तेवढीच शक्ती मिळाली असती. पण विजेचा दाब उतरलेला आणि बटन वर चढवलेले, त्यामुळे लहरींचे माथे कापले जात होते. माथे पूर्ण कापलेल्या चौकोनी लहरीत तेवढ्याच उंचीच्या साध्या लहरीच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे स्पीकरवर दीडशे वॅटच्या जवळपास भार येऊ शकत होता.

यावरून 'लहान अँप्लिफायर स्पीकर जाळतो' अशी एक म्हण या धंद्यात पडली आहे. ती अर्धवट खरी आहे. शंभर वॅटचा अँप्लिफायर कितीही फाटला तरी दोनशेच्या वर फारसे देऊ शकत नाही. चारशे वॅट अखंड सोसणाऱ्या स्पीकरला त्याने काही होत नाही. भय असते ते फाटत्या अँप्लिफायरची दुप्पट शक्ती स्पीकरच्या कुवतीपलीकडे जाते तेव्हा.

तिसरी बाब : शंकूची धाव

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. ध्वनी जितका खालचा, तितकी तेवढ्याच आवाजासाठी शंकूला धाव जास्त लागते. कंप्रता निम्मी झाली तर तितक्याच ध्वनिदाबासाठी शंकूला चौपट हालावे लागते. बेस गिटारच्या चार मोकळ्या तारांच्या कंप्रता सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ. ४१ हर्ट्झची एक लहर हवेत आठ मीटरहून लांब असते. एवढी लहर हालवायची म्हणजे शंकूला श्रम पडणारच.

पुढे आम्ही जो स्पीकर निवडला त्याचे उदाहरण घेऊ. पंधरा इंची, आठ ओहम, अखंड शक्ती २०० वॅट, एका वॅटला एका मीटरवर ९७ डेसिबेल, आणि शंकूची सुरक्षित धाव एका बाजूला ४ मिलिमीटर. मामांच्या बॉक्सच्या निम्म्या भागात, म्हणजे १०० लिटर हवेत, तो बंद केला तर ती चार मिलिमीटरची मर्यादा किती वॅटला गाठली जाते, याचे गणित मी मांडले. ४१ हर्ट्झला सुमारे ४३ वॅट. ५५ हर्ट्झला ५४ वॅट. ८२ हर्ट्झला ११४ वॅट. आणि ९८ हर्ट्झला १९४ वॅट.

हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. ज्या स्पीकरवर दोनशे वॅट प्रामाणिकपणे छापले आहेत, तो ते दोनशे वॅट बारीक तारेच्या स्वराला सोसतो. जाड्या तारेच्या शुद्ध स्वराला त्याची धाव त्रेचाळीस वॅटलाच संपते. छापील आकडा उष्णतेचा आहे. धावेचा आकडा आपला आपण काढावा लागतो.

मग जुन्या बॉक्सवर मामांची बेस गिटार इतकी वर्षे सुखाने कशी वाजली? त्याचे कारण तारेच्या ध्वनीत आहे. जाडी तार छेडली की तिच्या ४१ हर्ट्झच्या मूळ स्वरापेक्षा ८२ हर्ट्झचा दुसरा आवर्तस्वर बहुधा अधिक जोरकस असतो, आणि आपला कान त्यावरून मूळ स्वर ओळखतो. ऑक्टोपॅडचा आणि कीबोर्डचा बेस मात्र पन्नास हर्ट्झच्या आसपास शुद्ध, भरीव ठोका देतो. त्यात शंकूला कोणतीही सवलत नसते. वाद्य बदलले, बॉक्स तोच राहिला, आणि आमच्या लक्षात आले नाही. 'टक टक' हा आवाज कॉइल लोखंडावर आपटण्याचा होता. तो ऐकताच हात बटनाकडे जायला हवा होता, आणि तोही कमी करण्यासाठी.

चौथी बाब : बॉक्सचे पोट

बंद बॉक्समधील हवा स्प्रिंगसारखी वागते. ती शंकूला मागे खेचून धरते आणि खालच्या स्वरांना त्याला वाहवू देत नाही. बॉक्स गळका असेल तर ही स्प्रिंगच नाहीशी होते. आमच्या बॉक्सच्या मागच्या फळीचे सहा स्क्रू गायब होते, आणि वायर आत नेण्यासाठी कोणी तरी अंगठ्याएवढे भोक पाडले होते.

१९६१ साली नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने भोकाच्या, म्हणजे पोर्टच्या बॉक्सचे गणित मांडले, आणि पुढच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते बंद बॉक्ससह पुरे केले. त्याआधी बॉक्स बनवणे बरेचसे अंदाजाचे काम होते. आज प्रत्येक चांगल्या स्पीकरबरोबर त्यांनी ठरवलेल्या राशी छापलेल्या असतात. आपल्याला तीन पुरेत : मोकळ्या हवेतील अनुनादाची कंप्रता, स्पीकरच्या लवचिकपणाइतकी हवा किती लिटर, आणि एकूण गुणांक. बंद बॉक्ससाठी नियम असा :

पट = वर्गमूळ (स्पीकरची समतुल्य हवा ÷ बॉक्सची हवा + १)

मोकळी कंप्रता आणि गुणांक दोन्ही या पटीने वाढतात. आमचा बॉक्स आतून २४ × ४० × १४ इंच, म्हणजे सुमारे २२० लिटर. स्पीकर आणि आतल्या पट्ट्यांचे २० वजा जाता २०० लिटर, एका स्पीकरला १००. निवडलेल्या स्पीकरची कंप्रता ४० हर्ट्झ, समतुल्य हवा २०० लिटर, गुणांक ०.४. पट १.७३ आली. बॉक्समधील अनुनाद ६९ हर्ट्झ, गुणांक ०.६९. हा गुणांक ०.७ च्या आसपास असला की बेस भरीव आणि नेमका येतो. तो एकच्या वर गेला की एकाच स्वराची घुमघुम होते, ०.५ च्या खाली गेला की बेस कृश वाटतो. पोर्टच्या बॉक्ससाठी बनवलेले पुष्कळसे नवे स्पीकर ०.२५ ते ०.३ गुणांकाचे असतात. ते महाग असले तरी जुन्या बंद बॉक्सला मानवत नाहीत. 'आवाज मोकळा होईल' म्हणून सुताराकडून बंद बॉक्सला भोक पाडून घेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. मोजमापाशिवाय पाडलेल्या पोर्टखाली शंकू मोकाट सुटतो.

पत्रक नसलेल्या जुन्या स्पीकरचे मोजमाप प्रयोगशाळेत करता येते. ऑसिलेटर, एक हजार ओहमचा रोधक आणि एसी व्होल्टमीटर एवढे साहित्य पुरते. रोधक स्पीकरशी एकसरीत जोडावा आणि कंप्रता हळूहळू बदलत न्यावी. ज्या कंप्रतेला स्पीकरवरील विभव सर्वाधिक होते ती अनुनादाची. आमचा वाचलेला जुना स्पीकर मोकळ्या हवेत ४८ हर्ट्झला बोलला. दुसरे भोक फळीने बंद करून २०० लिटरच्या बॉक्समध्ये बसवल्यावर ६२ हर्ट्झला. यावरून त्याची समतुल्य हवा २०० × [(६२ ÷ ४८)² – १], म्हणजे सुमारे १३४ लिटर निघाली. माझ्या शिक्षणातला हा पहिला प्रयोग, ज्याचे उत्तर जर्नलच्या मागच्या पानावर छापलेले नव्हते.

मग अँप्लिफायर किती वॅटचा?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. बॉक्सची मर्यादा तिन्हींपैकी जी सर्वांत आधी येते ती : ओहम, उष्णता किंवा धाव. मामांच्या बॉक्सला आम्ही आठ ओहमचे दोन सारखे स्पीकर समांतर बसवले. बॉक्स चार ओहमचा झाला. उष्णतेची मर्यादा ४०० वॅट. पण धावेचा विचार करून चार ओहमवर २५० वॅट स्वच्छ देणारा अँप्लिफायर घेतला, आणि त्याआधी ४० हर्ट्झखालचे सारे कापणारा फिल्टर लावला. तो फिल्टर कानाला जाणवतही नाही, आणि शंकूची निम्मी दगदग वाचवतो.

एवढे वॅट पुरतात का? दोन स्पीकरच्या बॉक्सची संवेदनशीलता एका वॅटला १०० डेसिबेल. २५० वॅटला २४ डेसिबेल अधिक, म्हणजे एका मीटरवर १२४. अंतर दुप्पट झाले की उघड्यावर सहा डेसिबेल घटतात. सोळा मीटरवर १०० डेसिबेल उरतात. ही गोष्ट मधल्या बेसची. अगदी खालच्या स्वरांना याहून कमी. गावच्या मंडपाला हे भरपूर झाले. पाचशे वॅट लावले असते तर वाढले असते फक्त तीन डेसिबेल. तेवढ्याच पैशात तसलाच दुसरा बॉक्स शेजारी ठेवला, तर प्रत्येक शंकूला निम्मीच धाव लागते. १९६९ साली अमेरिकेत ॲम्पेग कंपनीने बेस गिटारसाठी तीनशे वॅटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर काढला, तेव्हा दहा इंची आठ-आठ स्पीकरच्या दोन बॉक्सवर त्याचा भार वाटला होता. एका बॉक्सला तेवढे पेलणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

ज्यांना जुन्या बॉक्सचे जुनेच स्पीकर राखायचे असतील त्यांनी त्यांच्या कुवतीत राहावे. शंभर वॅटच्या बॉक्सला शंभराचाच अँप्लिफायर, त्यावर फक्त बेस गिटार, आणि ऑक्टोपॅडला वेगळा बॉक्स. म्हाताऱ्या माणसाला ओझे द्यावे तसे.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम प्रत्येक स्पीकरचा रोध मोजावा. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही शंकू एकाच दिशेने सरकतात का ते पाहावे. एक पुढे, एक मागे गेला तर बेस एकमेकांत विरून जातो. मग बॉक्स बंद करून शंकू हाताने हळू दाबावा आणि सांध्यांजवळून पेटती उदबत्ती फिरवावी. जेथे धूर हलतो तेथे गळती आहे. शेवटी अँप्लिफायर बॉक्सजवळच ठेवावा. पाऊण चौरस मिलिमीटरची वीस मीटर वायर जाऊन-येऊन ०.९ ओहम भरते, आणि चार ओहमच्या बॉक्सला निघालेल्या शक्तीपैकी सुमारे एकोणीस टक्के वायरीतच जाते.

आणखी एक गोष्ट शक्तीच्या हिशेबाबाहेरची, पण सांगितलीच पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला शासनाने दिलेली मोजकी सूट वेगळी. वस्तीतली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबेल आहे. वरचा शंभराचा आकडा तिच्याशी ताडून पाहावा, आणि बॉक्सचे तोंड शाळा-दवाखान्याकडे करू नये.

दुरुस्त केलेला बॉक्स पुढच्या दसऱ्याला पुन्हा बाहेर पडला. मामांनी पहिल्या गाण्याला जाडी तार मोकळी छेडली आणि माझ्याकडे न पाहता नुसती मान हलवली. बुडालेला हंगाम काही परत आला नाही. त्या पाचांपैकी ढोलकवाला दुसऱ्या पार्टीत गेला तो गेलाच. मामा आता कार्यक्रम करीत नाहीत. त्यांचा वाचलेला सोळा ओहमचा स्पीकर मी मागून आणला. आपल्या प्रयोगशाळेतल्या खिडकीजवळच्या कपाटात तो आहे, आणि द्वितीय वर्षाचे विद्यार्थी त्याची कंप्रता मोजतात.

सांस्कृतिक मंडळाच्या मित्रांना एवढीच विनंती, की यंदा संमेलनाच्या आदल्या दिवशी येऊ नका. आठ दिवस आधी बॉक्स घेऊन या. मल्टिमीटर माझ्याकडे आहे. उदबत्ती तुम्ही आणा.